मोडल ब्लूज : बारा बार आणि एक बदलता स्वर

बीबॉपच्या (वेगवान, भराभर कॉर्ड बदलणाऱ्या जॅझच्या) पठडीतल्या जॅझ ब्लूजमध्ये बारा बारांत (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) दहा-बारा कॉर्ड सहज येऊन जातात. वाजवणाऱ्याला तेच पुढे ढकलत असतात. चौथ्या बारात कॉर्ड ताणला की पाचव्यात तो सुटायचाच. टू-फाइव्ह (पट्टीतल्या दुसऱ्या आणि पाचव्या स्वरावरचे कॉर्ड) आला की पाठोपाठ वन (पहिल्या स्वरावरचा) यायचाच. मोडल ब्लूजमध्ये हा धक्का काढून घेतलेला असतो. पहिले चार बार एकच कॉर्ड, एकच सात स्वर, खाली बेसची तीच ती फिरती ओळ. ऐकायला सोपे वाटते आणि पहिला कोरस (बारा बारांचा एक फेरा) बराही जातो. दुसऱ्यात तेच सात स्वर वर-खाली फिरू लागतात आणि तिसऱ्यात सांगायला काही उरत नाही.

यावर आणखी चार स्केल शिकून उपयोग होत नाही. बारा बारांत खरोखर काही घडते अशा जागा दोनच आहेत : पाचवा बार, जिथे फक्त एक स्वर बदलतो, आणि नववा-दहावा बार, जिथे हार्मनी खऱ्या अर्थाने हलते. उरलेली हालचाल लय, विराम आणि वाक्यरचना यांतून वाजवणाऱ्यानेच निर्माण करायची असते. खालचे सगळे मार्गदर्शन या दोन जागा ऐकू आणण्यासाठी आहे.

आराखडा

जी मधला ब्लूज घेऊ, सहा-आठच्या तालात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘ऑल ब्लूज’चा आराखडा हाच आहे. ते ध्वनिमुद्रण २२ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाले. पियानोवर बिल एव्हन्स, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब होते. पुढे वाचण्याआधी ते एकदा नीट ऐकावे, सोलोंकडे दुर्लक्ष करून फक्त बेस आणि पियानो.

बार १ ते ४ : जी७
बार ५ आणि ६ : सी७
बार ७ आणि ८ : जी७
बार ९ : डी७ शार्प-९
बार १० : अर्धा बार ई फ्लॅट७ शार्प-९, अर्धा बार डी७ शार्प-९
बार ११ आणि १२ : जी७

टेनर सॅक्स आणि ट्रम्पेटवाल्यांनी हे सगळे एक पूर्ण स्वर वर, म्हणजे ए मध्ये वाचावे. आल्टोवाल्यांनी ई मध्ये.

पाचव्या-सहाव्या बारावर काही पानांत सी७ लिहिलेले दिसते, काहींत जी मायनर७. यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, कारण स्वर दोन्हींत तेच आहेत. जी मिक्सोलिडियन म्हणजे जी, ए, बी, सी, डी, ई, एफ. हे खमाज थाटाचे स्वर झाले, सा म्हणजे जी. पाचव्या बारात बी जाऊन बी फ्लॅट येतो. जी ला सा धरून ऐकले तर तो काफी थाट, म्हणजे जी डोरियन. सी ला सा धरून ऐकले तर सी मिक्सोलिडियन. बेस जी भोवतीच राहिला तर कानाला पहिले वाटते, बेस सी वर गेला तर दुसरे. सात स्वरांपैकी सहा जागच्या जागी राहतात, फक्त गंधार शुद्धाचा कोमल होतो.

बेसची ओळ बांधताना हेच लक्षात ठेवा. पहिल्या बारात पहिल्या मात्रेवर जी, चौथीवर डी, पाचवीवर ई. दुसऱ्या बारात पहिलीवर एफ, चौथीवर ई, पाचवीवर डी. या ओळीत बी कुठेच नाही, म्हणून ती पाचव्या-सहाव्या बारातही जशीच्या तशी चालते आणि वरचा बदल अधिकच उठून दिसतो. नवव्या बारात मात्र ती मोडावीच लागते : डी, मग ई फ्लॅट, मग पुन्हा डी. बेसवाल्याने सवयीने चौथ्या बारात सी कडे जाणारी चालती ओळ घातली, किंवा पियानोवाल्याने तिथे डी मायनर७–जी७ खुपसला, तर आराखडा कागदावर मोडल राहतो आणि प्रत्यक्षात साधा जॅझ ब्लूज होऊन बसतो. हे चूक आहे असे नाही, पण मग चार बार थांबण्यातून जी अपेक्षा साठते ती साठत नाही.

आधी एकाच स्वराची ओळ

वाद्य हातात घेण्याआधी ही ओळ गा. प्रत्येक बारात एकच लांब स्वर :

बी, बी, बी, बी, बी फ्लॅट, बी फ्लॅट, बी, बी, सी, डी फ्लॅट–सी, बी, बी.

या ओळीत पूर्ण ब्लूज आहे. जी७ चा गंधार बी, सी७ चा कोमल निषाद बी फ्लॅट, डी७ चा कोमल निषाद सी, ई फ्लॅट७ चा कोमल निषाद डी फ्लॅट. कुठेही अर्ध्या स्वरापेक्षा मोठी उडी नाही. खाली कुणी कॉर्ड वाजवत नसतानाही ही ओळ ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळते, आणि तीच कसोटी आहे.

नवव्या बारापासून दुसरी ओळ जोडा : एफ शार्प, जी–एफ शार्प, एफ, एफ. ही डी७ आणि ई फ्लॅट७ चे गंधार पकडते आणि शेवटी जी७ च्या कोमल निषादावर येते. दोन्ही ओळी एकत्र वाजवल्या तर सगळीकडे ट्रायटोनचे अंतर राहते, म्हणजे सा ते तीव्र मध्यम एवढे.

सरावासाठी जी चा ड्रोन लावा (तानपुऱ्याचे ॲप चालेल) आणि मेट्रोनोम तीन मात्रांना एक ठोका या हिशेबाने ५० वर ठेवा. म्हणजे दर बारात दोन ठोके. नवव्या-दहाव्या बारात ड्रोन बोचेल. बोचू द्या, तिथला ताण किती आहे ते त्यातूनच कळते. ओळ न चुकता चार वेळा सलग गाता आली की मेट्रोनोम २५ वर आणा, म्हणजे बाराला एकच ठोका पडेल.

सर्वांत जास्त घोटाळा चौथ्या बारात होतो. चार बार काहीच बदलत नसल्याने नवशिका एक बार जास्त घेतो किंवा गाळतो, आणि पाचवा बार भलत्याच जागी सुरू होतो. बार मोजताना पहिल्या मात्रेवर बाराचा आकडा म्हणा : ‘एक दोन तीन चार पाच सहा, दोन दोन तीन चार पाच सहा, तीन दोन तीन...’ हे कंटाळवाणे आहे, पण आठवडाभर केले की आकडे आपोआप गळतात आणि चार बारांची लांबी अंगात भिनते.

बी फ्लॅट राखून ठेवा

ब्लूज म्हटले की हात आपोआप ब्लूज स्केलकडे जातो : जी, बी फ्लॅट, सी, डी फ्लॅट, डी, एफ. मोडल ब्लूजमध्ये हीच सवय सर्वांत महाग पडते. पहिल्या चार बारांत बी फ्लॅट मनसोक्त वाजवला तर पाचव्या बारात आणखी काही बदलले असे कानाला वाटतच नाही. ज्या एकमेव बदलावर पहिल्या आठ बारांचा डोलारा उभा आहे तो आधीच खर्च झालेला असतो.

नियम असा ठेवा. पहिल्या चार बारांत बी फ्लॅट फक्त कणासारखा : बी वर जाताना खालून घसरत, आठव्या भागापेक्षा (सहा-आठमधल्या एका मात्रेपेक्षा) लहान. पाचव्या बारात तोच स्वर लांब धरा, शक्यतो पहिल्याच मात्रेवर. सातव्या बारात बी स्पष्ट वाजवून परत या. पुढच्या कोरसांत हा नियम सैल करता येतो. ऐकणाऱ्याला बदल एकदा कळला की मग खेळायला हरकत नाही.

मिक्सोलिडियनमधले बाकीचे स्वर सारख्या वजनाचे नाहीत. बी आणि एफ कॉर्डची ओळख देतात. ए आणि ई रंग देतात, त्यांच्यावर थांबता येते. सी वर मात्र जपून, कारण तो बी ला अर्ध्या स्वराने चिकटतो. जी७ वर सी लांब धरला की सोबतीच्या बी शी टक्कर होते. तो वाटेत घ्या. जी हे घर आहे, पण प्रत्येक वाक्य जी वर सुरू होऊन जी वर संपत असेल तर ते वाक्य कुणाला आठवत नाही.

सोबतीचे कॉर्ड : फोर्थ रचून

मोडल हार्मनीत थर्डऐवजी (एकाआड एक स्वरांऐवजी) फोर्थ रचण्याची पद्धत आहे. फोर्थ म्हणजे सा ते शुद्ध मध्यम एवढे अंतर. १९६० नंतर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनसोबत वाजवताना पियानोवादक मॅकॉय टायनरने डाव्या हाताची ही शैली इतकी पुढे नेली की आज ती मोडल जॅझची ओळखच झाली आहे. फोर्थने रचलेल्या कॉर्डला स्वतःची ओढ कमी असते, म्हणून तो एका जागी बराच वेळ वाजला तरी खटकत नाही.

जी मिक्सोलिडियनच्या प्रत्येक स्वरावर दोन फोर्थ रचा. सात आकार मिळतात :

जी–सी–एफ, ए–डी–जी, बी–ई–ए, सी–एफ–बी, डी–जी–सी, ई–ए–डी, एफ–बी–ई.

बहुतेक पुस्तके इथेच थांबतात : हे सात आकार हवे तसे फिरवा. पण ते सारखे नाहीत. जी–सी–एफ, ए–डी–जी, डी–जी–सी आणि ई–ए–डी या चारांत बी नाही. म्हणजेच ते पाचव्या बारातही तसेच बसतात आणि त्यांच्यावरून आपण जी७ वर आहोत की सी७ वर, हे कळत नाही. उरलेल्या तिघांत बी आहे. त्यांतही सी–एफ–बी आणि एफ–बी–ई मध्ये एफ आणि बी चा ट्रायटोन आहे, त्यामुळे तेच दोन ‘हा जी७’ असे ठामपणे सांगतात.

म्हणून पहिल्या चार बारांत न बोलणारे चार आकार फिरवत राहा, आणि पहिल्या व तिसऱ्या बाराच्या सुरुवातीला एफ–बी–ई वर उतरा. पाचव्या बारात बी असलेल्या तिघांची बी फ्लॅटची रूपे हवीत : बी फ्लॅट–ई–ए, सी–एफ–बी फ्लॅट, किंवा एफ–बी फ्लॅट–ई. तिथे ई–ए–डी वाजवत राहिलात तर सोलो वाजवणाऱ्याने कितीही सुंदर बी फ्लॅट लावला तरी तो चुकीचा स्वर वाटण्याची भीती असते, कारण खालून त्याला दुजोरा मिळत नाही.

आकार मधल्या सी च्या आसपास ठेवा. खालचा स्वर त्याच्या खालच्या सप्तकातल्या डी पेक्षा खाली गेला की फोर्थ गढूळ होतात आणि बेसच्या ओळीवर चढून बसतात.

दोन्ही हातांचा मोठा आकार हवा असेल तर खालून वर ई, ए, डी, जी, बी : तीन फोर्थ आणि वर एक मेजर थर्ड, म्हणजे सा ते शुद्ध गंधार. गिटारवाल्यांना हे स्वर ओळखीचे आहेत. जाड तारेपासूनच्या पहिल्या पाच मोकळ्या तारा याच. हा आकार बिल एव्हन्सने त्याच १९५९ च्या सत्रांतल्या ‘सो व्हॉट’मध्ये वापरला आणि तेव्हापासून त्या रचनेच्याच नावाने तो ओळखला जातो. आपल्या कामाची गोष्ट अशी की पाचव्या बारात फक्त सर्वांत वरचा बी अर्धा स्वर खाली आणला की ई, ए, डी, जी, बी फ्लॅट होतो आणि तो सी७ ला अगदी चपखल बसतो : गंधार, धैवत, ऋषभ, पंचम, कोमल निषाद. चार बोटे हलत नाहीत आणि बदल सगळ्यांत उंच आवाजात ऐकू येतो. पियानोवर खालचा ई मधल्या सी च्या खालचा घ्या. गिटारवर मोकळ्या तारांची पट्टी बेसशी भांडते, म्हणून जाड तार सोडून उरलेल्या चारच वाजवाव्यात.

नववा आणि दहावा बार

आठ बार थांबून राहिल्यावर इथे ताण एकदम वाढतो. शार्प-९ चा कॉर्ड म्हणजे शुद्ध आणि कोमल गंधार एकाच वेळी : डी७ शार्प-९ मध्ये एफ शार्पही आहे आणि एफही. हीच ब्लूजची ओढाताण, फक्त कॉर्डमध्ये बांधलेली.

डाव्या हाताला तीन स्वर पुरेत. डी७ शार्प-९ ला एफ शार्प–सी–एफ. ई फ्लॅट७ शार्प-९ ला जी–डी फ्लॅट–जी फ्लॅट. पुन्हा एफ शार्प–सी–एफ. मग अकराव्या बारात एफ–बी–ई. चारही ठिकाणी हाताचा आकार एकच आहे, खाली ट्रायटोन आणि वर फोर्थ. तो फक्त अर्ध्या स्वराने सरकतो. शेवटच्या आकाराचा अर्थ मात्र बदललेला असतो. आधीच्या तिघांत खालचा स्वर गंधार होता, जी७ मध्ये तोच कोमल निषाद होतो. बोटांना याचा पत्ता नसतो. पूर्ण लेखातला एकच भाग आजच्या आज बसवायचा असेल तर हा बसवा.

सोलो वाजवणाऱ्याने नवव्या बारात साधे डी मिक्सोलिडियन घेऊ नये. त्यातला ई कॉर्डमधल्या एफ शी अर्ध्या स्वरावर आदळतो. डी अल्टर्ड स्केल घ्या : डी, ई फ्लॅट, एफ, एफ शार्प, ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी. पण सगळे सात स्वर धावत म्हणण्याची गरज नाही. एफ शार्प, एफ, ई फ्लॅट, डी एवढे चार उतरत आले तरी काम होते. जी चे ब्लूज स्केल इथे मोकळेपणाने वापरा, आतापर्यंत राखून ठेवले होते ते यासाठीच. एकच काळजी घ्या : डी७ वर डी फ्लॅट आणि ई फ्लॅट७ वर डी, हे दोन्ही स्वर वाटेतलेच राहू द्या. लांब धरलात तर कॉर्डच्या मूळ स्वराशी अर्ध्या स्वराची टक्कर होते.

दहाव्या बारात प्रत्येक कॉर्डला तीनच आठवे भाग मिळतात. तिथे स्केल शोधत बसायला वेळ नाही. ही सहा स्वरांची ओळ पाठ करा : जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट, सी, ए, एफ शार्प, अकराव्या बाराच्या समेवर जी किंवा एफ. चढताना ई फ्लॅट७, उतरताना डी७. बारा पट्ट्यांत बसवली की ही ओळ कुठल्याही अशा ब्लूजमध्ये उपयोगी पडते. रोज मात्र तीच वाजवू नका, ओळखली जाते.

सोलो कसा बांधायचा

तीन स्वरांचे एक लहान वाक्य घ्या : डी–ई–जी. डी आणि ई हे बाराच्या पाचव्या-सहाव्या मात्रेवर, जी पुढच्या समेवर आणि लांब. आता सुरुवातीचे दोन स्वर तसेच ठेवून फक्त तिसरा बदलत जा. पहिल्या बारावर उतरताना जी, तिसऱ्यावर ए, पाचव्यावर बी फ्लॅट, सातव्यावर बी, नवव्यावर एफ शार्प. दहाव्यात हे वाक्य मोडून जी–एफ शार्प, अकराव्यात एफ. संपूर्ण कोरसमध्ये वीसच्या आसपास स्वर झाले. मध्ये मोकळ्या जागा भरपूर राहिल्या, आणि त्या तशाच राहू द्यायच्या. सोबतीचे लोक त्यातच बोलतात.

हे जमले की लयीला हात घाला. सहा-आठमध्ये सहा आठव्या भागांचे तीन-तीनचे दोन गट होतात किंवा दोन-दोनचे तीन. दोन्ही गट एकाआड एक बारात वाजवून पाहा. त्यापुढचे पाऊल म्हणजे चार-चारचे गट. दोन बारांत बारा आठवे भाग असतात, म्हणजे चार स्वरांचे एक वाक्य बरोबर तीनदा बसते. ए–बी–डी–ई हे तीनदा, तिसऱ्या बाराच्या समेपासून सुरू करून. तिसरी आवृत्ती संपते तिथेच पाचव्या बाराची सम येते आणि तुम्ही बी फ्लॅटवर उतरता. मधल्या आवृत्तीत लय निसटल्यासारखी वाटते आणि समेवर सगळे जुळते. तिहाईचा हिशेब ज्यांच्या कानात आहे त्यांना हे पटकन साधते. जे चुकते ते दुसऱ्या आवृत्तीत चुकते, कारण हात चार स्वरांच्या पहिल्या स्वरावर जोर देताना पायाचा ठोकाही तिकडे सरकतो. पाय तीन मात्रांवरच ठेवून आधी नुसत्या टाळ्यांनी करा.

मग पेंटाटोनिक, म्हणजे पाच स्वरांचे स्केल. जी मिक्सोलिडियनच्या सात स्वरांत तीन मेजर पेंटाटोनिक बसतात : एफ (एफ, जी, ए, सी, डी), सी (सी, डी, ई, जी, ए) आणि जी (जी, ए, बी, डी, ई). पहिल्या दोनांत बी नाही, म्हणून ते तरंगते वाटतात. तिसऱ्यात शुद्ध गंधार आहे, म्हणून तो जमिनीवर येतो. पाचव्या-सहाव्या बारात एफ आणि सी तसेच राहतात, फक्त जी च्या जागी बी फ्लॅटचा पेंटाटोनिक येतो. तरंगते दोन बार आणि मग जमीन, अशी आलटापालट केली तर एकाच कॉर्डवर चार बार असतानाही काहीतरी हलते आहे असे वाटते. सातही स्वर सतत वापरले तर ही सोय हातची जाते.

बाहेर जाणे सर्वांत शेवटी. ओळखीचे वाक्य अर्ध्या स्वराने सरकवायचे आणि परत आणायचे, एवढेच ते तंत्र आहे. डी–ई–जी–ए तिसऱ्या बारात, चौथ्यात तेच अर्धा स्वर खाली : डी फ्लॅट–ई फ्लॅट–जी फ्लॅट–ए फ्लॅट, पाचव्याच्या समेवर बी फ्लॅट. वर सरकवले तर ई फ्लॅट–एफ–ए फ्लॅट–बी फ्लॅट होते आणि बी फ्लॅट एक बार आधीच वाजून जातो. म्हणून या जागी खालीच. सातव्या-आठव्या बारात वर सरकवायला हरकत नाही.

बाहेर गेलेले वाक्य चूक वाटते ते बहुधा स्वरांमुळे नाही. लय ढिली पडते, किंवा वाक्याचा आकार बदलतो आणि ऐकणाऱ्याला ‘तेच वाक्य, सरकवलेले’ हे कळत नाही, किंवा परत येताना समेवर कॉर्डचा स्वर सापडत नाही. एका बारापेक्षा जास्त बाहेर राहू नका, आणि पहिल्या कोरसमध्ये तर अजिबात जाऊ नका. आत काय आहे हेच अजून कुणाला माहीत नसते.

मायनर मोडल ब्लूज

सी मायनर घेऊ : चार बार सी मायनर७, दोन बार एफ मायनर७, दोन बार सी मायनर७, एक बार ए फ्लॅट७, एक बार जी७, दोन बार सी मायनर७. जॉन कोल्ट्रेनने १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केलेला ‘इक्विनॉक्स’ याच घडणीचा आहे. मूळ सी शार्प मायनरमध्ये असला तरी लोक तो सर्रास सी मायनरमध्ये वाजवतात.

इथेही एकच स्वर बदलतो. सी डोरियन म्हणजे सी, डी, ई फ्लॅट, एफ, जी, ए, बी फ्लॅट. एफ डोरियनमध्ये ए जाऊन ए फ्लॅट येतो, बाकी सगळे तेच. मघाशी बी फ्लॅट राखला तसा इथे ए फ्लॅट राखायचा. मायनर दिसले की धैवत कोमल करण्याची सवय असते आणि पहिल्या चार बारांत नकळत सी एओलियन, म्हणजे आसावरी थाट वाजू लागतो. पहिले चार बार शुद्ध धैवत, ए, ठामपणे लावा.

मोठा आकारही तसाच चालतो : डी, जी, सी, एफ, ए. एफ मायनरवर वरचा ए तेवढा ए फ्लॅट करा. ए फ्लॅट७ ला जी फ्लॅट–सी–एफ, जी७ ला एफ–बी–ई फ्लॅट, आणि अकराव्या बारात ई फ्लॅट–ए–डी. प्रत्येक बोट पायरी-पायरीने खाली येते. ए फ्लॅट७ वर डी शुद्धच ठेवावा, म्हणजे लिडियन डॉमिनंट (तीव्र मध्यम आणि कोमल निषाद). जी७ वर अल्टर्ड. गंधारांची ओळ हवी असेल तर ए फ्लॅट७ वर सी, जी७ वर बी, आणि मग सी मायनरचा कोमल निषाद बी फ्लॅट.

सोबत आणि शेवट

एकत्र वाजवताना पियानो आणि गिटार दोघांनीही फोर्थचे आकार फिरवू नयेत. एकाने लांब आकार धरावा, दुसऱ्याने गप्प बसावे किंवा एकाच तारेवर ओळ वाजवावी. दोन बारांची एक लयीची नक्षी ठरवून ती पूर्ण कोरसभर बदलू नका. एकाच कॉर्डवर दर बारात नवी लय टाकली तर सोलोच्या वाक्यांना टेकायला जागा राहत नाही. सोलो वाजवणारा बाहेर गेला तर त्याच्यामागे धावू नये. तुम्ही आतच राहिलात तरच त्याचे बाहेर जाणे कळते.

‘ऑल ब्लूज’मध्ये दोन सोलोंच्या मध्ये सुरुवातीचा चार बारांचा व्हँप (फिरत राहणारा साथीचा तुकडा) येतो. तो ठेवावा. आधीच्या वाजवणाऱ्याने बाराव्या बारातच वाक्य संपवायचे, त्याची शेपटी व्हँपमध्ये लोंबत ठेवायची नाही. पुढच्याने चौथ्या बाराच्या पाचव्या मात्रेच्या आधी सुरुवात करायची नाही. सगळ्यांचे बार चुकले असतील तर ते इथेच जुळवून घेता येतात, कारण बेसची दोन बारांची ओळ बरोबर दोनदा वाजली की व्हँप संपतो. शेवटचा व्हँप किती वेळा फिरवायचा हे आधी ठरवत नाहीत; ड्रमवाल्याकडे पाहून मान हलवली की तो फेरा शेवटचा, आणि पुढच्या समेवर बेसने जी, वर ई, ए, डी, जी, बी.